गच्चीवरचा कूलर आणि वाहून गेलेलं पाणी

आमच्या बडोद्याच्या घरामागे एक हौद आहे. माझा धाकटा भाऊ त्याला 'पूल' म्हणतो, बाबा 'हौद' म्हणतात, आणि आई 'तुमचं ते खूळ' म्हणते. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आतच खोल. हिशेब केला तर साधारण १२,००० लिटर पाणी. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा फिजिओथेरपिस्टने पाण्यात चालायला सांगितलं. पोहण्याच्या तलावावर रोज जाणं-येणं हाच गुडघ्यांना वेगळा व्यायाम झाला असता, म्हणून मागच्या अंगणातली मेंदी आणि कण्हेर काढून हा हौद बांधला.

थंडीत झकास चाललं. मार्चमध्येही तक्रार नव्हती. मे उजाडला आणि पाणी ३४ अंशांवर गेलं. चौतीस अंश ऐकायला फार वाटत नाहीत, पण त्यात अर्धा तास चालून बघा. बाबा हौदातून बाहेर यायचे ते घामाघूम होऊन. पाण्यात असताना घाम येतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पूल गार करायची तयार यंत्रं मिळतात. फ्रिजसारखंच काम करणारी ती बंद पेटी असते, पाणी तिच्यातल्या नळ्यांमधून फिरून परत येतं. आम्ही भाव विचारले आणि गप्प बसलो. मग भाऊ म्हणाला, "ताई, आपल्याकडे माठ आहे ना, तेवढंच मोठं करू." माठाचं पाणी गार होतं ते बाहेरून झिरपलेलं थोडं पाणी हवेत उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं म्हणून. एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ ५८० लिटर पाणी एक अंशाने उतरतं. म्हणजे आमचा अख्खा हौद सहा अंश खाली आणायला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडावं लागेल. दिवसा ऊन जेवढं परत तापवेल त्याचं थोडं वेगळं. बडोद्याचा मे कोरडा असतो, त्यामुळे हे जमतं. जुलैत हवाच ओली झाली की माठही थकतो आणि हे यंत्रही, पण तोवर गरजही संपलेली असते.

तर आम्ही जुना मोठा डेझर्ट कूलर घेतला आणि स्वयंपाकघरावरच्या गच्चीवर ठेवला. खालून पंप हौदाचं पाणी वर चढवतो, मिनिटाला सुमारे ४० लिटर. ते मधाच्या पोळ्यासारख्या पॅडवरून झिरपतं, पंखा त्यातून हवा ओढतो, गार झालेलं पाणी कूलरच्या ९० लिटरच्या टाकीत पडतं आणि तिथून एक इंची पाइपाने आपोआप खाली हौदात येतं. भावाने सुतारकाम आणि प्लंबिंग केलं. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आहे, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरी करते, म्हणून डोकं चालवायचं काम माझ्याकडे. एक ईएसपी-३२ चा छोटा बोर्ड, पाण्यात बुडणारा तापमानाचा सेन्सर, एक रिले. रात्री अकरा ते सकाळी सहा, पाणी २८ च्या वर असेल तर पंप आणि पंखा चालू, २७ झालं की बंद. फोनवर आलेख दिसायचा. चार रात्रींत पाणी ३४ वरून २८ वर आलं आणि आईनेही 'खूळ' हा शब्द दोन दिवस वापरला नाही.

आता ती रात्र. मे महिन्यातलीच, पहाटे सव्वाचारला पंखा थांबल्यामुळे सगळ्यांना जाग आली. शेजारी दिवे होते, आमच्याकडे अंधार. बोर्डापाशी गेले तर ईएलसीबी पडलेला, म्हणजे वीज कुठेतरी गळत असेल तर क्षणात तोडणारा खटका. वर चढवला, पुन्हा पडला. तेवढ्यात भाऊ मागच्या दाराने ओरडला. गच्चीवरून भिंतीवर पाणी ओघळत होतं आणि त्या भिंतीवरच, हौदाच्या काठापासून हातभर अंतरावर, पंपाच्या स्विचची पेटी होती. पेटीतून पाणी ठिबकत होतं. बाबा रोज साडेसहाला हौदात उतरायचे.

यावर जास्त लिहीत नाही. तो खटका घरात नसता, किंवा असूनही वर्षानुवर्षं न तपासल्यामुळे अडकून बसलेला असता, तर काय झालं असतं याचा विचार आम्ही चौघांनीही आपापल्या ठिकाणी केला आहे.

गंमत अशी की हौद काठोकाठ भरलेला होता. पाणी तर वर वाहून गेलंय, मग हौद भरलेला कसा? उजाडेपर्यंत आम्ही टॉर्च घेऊन हेच शोधत होतो.

गच्चीवरच्या टाकीच्या तोंडाशी कडुलिंबाची पानं आणि पॅडचा चुरा यांचा लगदा बसला होता. वरून मिनिटाला चाळीस लिटर येत होतं, खाली पंचवीसच जात होतं. उरलेलं पंधरा लिटर काठावरून गच्चीत. त्यामुळे हौदाची पातळी उतरली. पण हौदाला आम्ही बॉलकॉक लावला होता, संडासाच्या टाकीत असतो तसाच. पातळी उतरली की तो उघडतो आणि वरच्या मोठ्या टाकीतून पाणी सोडतो. तो उघडला. मग वरची टाकी उतरू लागली. तिच्यावरही स्वयंचलित कंट्रोलर आहे, अर्धी झाली की बोअरची मोटर सुरू करणारा. त्याने मोटर सुरू केली. म्हणजे आमच्या घरातली तीन स्वयंचलित यंत्रं रात्रभर एकमेकांना सांभाळून घेत जमिनीतलं पाणी उपसून गच्चीवर ओतत होती. एकानेही चूक केली नव्हती. प्रत्येकाने त्याला शिकवलेलं काम चोख केलं होतं. आणि माझा आलेख? त्यात तापमान २८.४, सगळं छान. त्याला पाण्याची पातळी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. वीज गेली तेव्हा वायफायही गेलं, त्यामुळे एखादा धोक्याचा संदेश लिहिलेला असता तरी तो निघालाच नसता.

दुसऱ्या दिवशी पाणी तसंच वाहू देऊन बादली धरून पाहिलं. पंधरा लिटरची बादली मिनिटात भरत होती. तासाला ९०० लिटर. चार तास धरले तरी ३,६०० लिटर. आमच्या भागात महानगरपालिकेचं पाणी दिवसातून एकदाच येतं, आणि उन्हाळ्यात समोरच्या सोसायटीत टँकर येतो. आई काही बोलली नाही. तिने फक्त टँकरकडे बघितलं.

मला लागलं ते वेगळंच. कारखान्यात कोणी उघडी टाकी आणि पंप असा आराखडा माझ्यासमोर ठेवला, तर मी पहिला प्रश्न विचारते: बाहेर जायची वाट बुजली तर? घरी मी तो विचारलाच नाही. घर म्हटलं की आपण अभियंते सुट्टीवर असतो.

पाणी जास्त झालं तर ते आपणहून वाट मोकळी करेल, अशी व्यवस्था आपल्याकडे फार जुनी आहे. सर विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की पाण्याच्याच जोरावर ते उघडत. पुढे तसेच दरवाजे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावर बसले. ग्वाल्हेरच्या वाचकांपैकी कित्येकांच्या सहली तिघऱ्यालाच गेल्या असतील. पावसाळ्यात रात्री तीन वाजता कोणी चौकीदार जागा असो वा नसो, पातळी चढली की वाट उघडली पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. आम्ही बडोदेकर पाऊस लागला की एकमेकांना 'आजवा किती फुटांवर?' असं विचारतो, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने शहरात येऊन ते का विचारायचं हे दाखवलं. तरी स्वतःच्या गच्चीवरच्या ९० लिटरच्या टाकीला सांडवा ठेवायचं आम्हाला सुचलं नाही.

दुरुस्तीची सुरुवात मी अर्थातच प्रोग्रामपासून करणार होते. आमचे नेहमीचे प्लंबरभाई आले, गच्चीवर उकिडवे बसले, टाकीच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाले, "बेन, पाणी तो एनो रस्तो शोधी ले. तमे रस्तो मोटो आपो." तुम्ही वाट मोठी द्या. लॅपटॉप मी तिथेच मिटला.

पंपाने ढकललेलं पाणी एक इंची पाइपातून मजेत जातं, कारण मागे जोर असतो. परत येणाऱ्या पाण्यामागे जोर नसतो. खाली दहा फूट उतार असला तरी टाकीच्या तोंडापाशी पाण्याची उंची चार बोटंच असते, आणि आत शिरायला तेवढाच दाब. म्हणून जाणारा पाइप एक इंची तर येणारा दोन इंची. तोंडावर सपाट जाळी नको, कारण दोन पानं चिकटली की ती झाकण होते. आम्ही मोठ्या भोकांची घुमटासारखी जाळी बसवली, बाजूंनी पानं लागली तरी वरून पाणी शिरतं.

मग सांडवा. टाकीत रोजच्या पातळीपेक्षा थोडा वर आणखी एक दोन इंची पाइप, त्याला जाळी नाही, कॉक नाही, काही नाही. तो गटारात सोडायचा मोह होतो, कारण जवळ असतं. आम्ही तो परत हौदातच आणला, म्हणजे वाट बुजली तरी पाणी घरातलं घरात राहतं. आणि त्याचं तोंड मुद्दाम पाण्यापासून दोन फूट वर ठेवलं. सांडवा वाहू लागला की धबधब्यासारखा आवाज होतो आणि तो आई-बाबांच्या खिडकीतून ऐकू जातो. या इशाऱ्याला वायफाय लागत नाही.

सांडव्याच्याही वर दोन बोटांवर फ्लोट स्विच, पाणी चढलं की तरंगून वर येणारा. इथे एक बारकावा आहे. फ्लोट दोन तऱ्हेने जोडता येतो: पाणी चढल्यावर 'बंद कर' असा निरोप देणारा, किंवा एरवी सतत 'ठीक आहे' म्हणत राहणारा आणि पाणी चढलं की गप्प होणारा. दुसरी तऱ्हा घ्यावी. पहिलीत वायर उंदराने कुरतडली तर निरोप कधीच येत नाही आणि कोणाला कळतही नाही. दुसरीत वायर तुटली तरी पंप थांबतो. विनाकारण थांबेल कधीतरी, थांबू दे.

फ्लोटची वायर माझ्या ईएसपी बोर्डाकडे नेली नाही. ती थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये ओवली, २४ व्होल्टवर. बोर्ड अडकला, प्रोग्राममध्ये चूक निघाली, तरी फ्लोट पंप तोडतोच. पूर्वी मी पंप छोट्या रिलेवरच चालवत होते, तेही चुकलंच होतं. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते आणि अशा रिलेचे टोक कधी कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग प्रोग्राम 'बंद' म्हणतो, पडद्यावरही 'बंद' दिसतं, आणि पंप चालूच. बोर्ड अजूनही फ्लोटची स्थिती वाचतो, पण फक्त मला फोनवर कळवण्यापुरती.

फ्लोटची उंची ठरवताना आमची पुन्हा फजिती झाली. पहिल्या चाचणीत पंप अगदी वेळेवर थांबला आणि तरी पाणी काठावरून सांडलं. पॅडमध्ये आणि वरच्या पाइपात भरलेलं दहा-बारा लिटर पाणी पंप थांबल्यावर खाली येतं, हे लक्षात घेतलं नव्हतं. आता फ्लोटच्या वर काठापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा आहे. हौदाचंही तसंच. कूलरच्या टाकीतलं पाणी शेवटी हौदातच उतरतं, म्हणून हौद भरायची पातळी काठाखाली तीन सेंटिमीटर ठेवली. एवढ्या मोठ्या हौदात ती पाच-सहा मिलिमीटरचीच भर असते, पण छोट्या टबावर असं काही करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

आणखी एक. फ्लोटने पंप थांबवला की टाकी हळूहळू उतरते, फ्लोट खाली येतो, पंप पुन्हा सुरू होतो, पुन्हा भरते. रात्रभर हा खेळ चालू राहू शकतो. त्यामुळे एकदा फ्लोटने तोडलं की हिरवं बटण हाताने दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही, आणि ते बटण गच्चीवर आहे. म्हणजे बटण दाबायला जाणारा माणूस टाकीत डोकावतोच.

राहिला बॉलकॉक, तो साखळीतला दुसरा गडी. तो काढला आणि हौदात पातळीचा सेन्सर व विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला. पहिला आणला तो उघडेचना. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सोलेनॉइडना उघडायला पाण्याचा काही एक दाब लागतो, आणि घराच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला तो नसतो. शून्य दाबावरही उघडणारा मागून घ्यावा लागतो. मोटरवर फिरणारा व्हॉल्व्हही चालला असता, पण वीज गेली की तो आहे तिथेच थांबतो, कदाचित उघडाच. सोलेनॉइड वीज गेली की मिटतो.

या व्हॉल्व्हला शिस्त लावली ती वेळेची. कूलर आणि ऊन मिळून आमच्या हौदातून मे महिन्यात रोज दोनशे लिटरच्या आसपास पाणी उडतं, म्हणजे भरायला चौदा मिनिटांपेक्षा कमी लागतात. दिवसात एकूण वीस मिनिटं झाली की व्हॉल्व्ह बंद, मग पातळी काहीही असो. उद्या हौदाला तडा गेला तरी दिवसाला तीनशे लिटरच जातील, आणि हौद रिकामा होताना दिसेल. त्या रात्री भरलेल्या हौदानेच आम्हाला फसवलं होतं. पातळी फार उतरली तर हौदातला दुसरा फ्लोट पंप तोडतो, म्हणजे तो कोरडा चालून जळत नाही.

विजेचं काम मी स्वतः केलं नाही. माहीत असूनही केलं नाही. परवानाधारक वायरमन बोलावला, पेटी त्या भिंतीवरून काढून घराच्या आडोशाला नेली, पंपाला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र ईएलसीबी आणि नीट अर्थिंग दिलं. ईएलसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. तुमच्याही घरी असेल. ते शेवटचं कधी दाबलं होतं ते आठवून पाहा.

महिनाभर मी निर्धास्त होते. मग एकदा सहज टाकीत हात घातला तर फ्लोट हलेना. बोअरचं पाणी जड, रोज पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, त्यांचा पांढरा थर फ्लोटच्या दांड्यावर चढला होता. सगळी तारांची हुशारी चुन्याच्या एका पापुद्र्याने निकामी केली होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा बादली घेऊन गच्चीवर जातात. पंप चालू ठेवून परतीच्या तोंडावर बोळा धरतात. सांडवा वाजला पाहिजे. मग सांडव्यालाही बोळा, आणि पंप थांबला पाहिजे. त्यानंतर फ्लोट लिंबूपाण्याने पुसायचा. हे सगळं ते दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतात. गुडघ्यांच्या माणसाला गच्चीवर चढवू नकोस असं आई म्हणते, पण हे काम ते दुसऱ्याला देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात फ्लोटने खरोखरच एकदा पंप तोडला. सकाळी फोनवर निरोप होता, पाणी ३१ वर अडकलेलं. भाऊ वर गेला तर खारीने परतीच्या जाळीवर काथ्या आणि कापूस आणून घराची तयारी चालवली होती, आणि एक दोरा सांडव्यातही गेला होता. गच्ची कोरडी होती, भिंत कोरडी होती. खारीचा संसार भावाने कडुलिंबाखालच्या खोक्यात हलवला आणि हिरवं बटण दाबलं.

एकतीस अंशांवर बाबांनी थोडी कुरकुर केली, पण साडेसहाला उतरले.